साधन स्वतः घडवणारा गणितशिक्षक

गणित अध्यापन पद्धती शिकवणारे प्राध्यापक आणि लवकरच वर्गात उभे राहणारे त्यांचे छात्राध्यापक, या दोघांसाठी हा लेख आहे. थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, कागद कापणारा छोटा कटर ही यंत्रे आता अध्यापक महाविद्यालयांच्या आवाक्यात येऊ लागली आहेत. पण गणिताच्या शिक्षकाच्या तयारीशी त्यांचा संबंध काय, हे आधी नीट ठरवले नाही तर कार्डशीटच्या शंकूच्या जागी प्लॅस्टिकचा शंकू येईल, एवढेच. सराव पाठाला गुण मिळतील. मुलाला शंकूचे घनफळ मात्र आधी जेवढे कळत होते तेवढेच कळेल.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. भावी शिक्षकासाठी या यंत्रांचे मोल आहे ते वस्तू यंत्राला सांगण्याच्या टप्प्यावर. यंत्राला ‘साधारण एवढे’ कळत नाही. लांबी किती, कोन किती, कोणता बिंदू कुठे, हे आकड्यांतच सांगावे लागते, आणि सांगताना आपले गणित कुठे कच्चे आहे ते छात्राध्यापकाला आपोआप समजते. त्यात ती वस्तू एका ठरावीक मुलाच्या ठरावीक अडचणीसाठी असेल, तर गणिताचा आणि मुलाचा विचार एकदमच करावा लागतो. बी.एड.ला आशययुक्त अध्यापन पद्धती म्हणून जे आपण शिकवतो, ते इथे प्रत्यक्ष हाताने करावे लागते.

ही कल्पना परक्या मातीतली आहे असे समजायचे कारण नाही. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ या विषयावर अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यातून पुढे फॅब लॅबची, म्हणजे अशा यंत्रांच्या खुल्या कार्यशाळेची, कल्पना आली. एम.आय.टी.च्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. कामातून शिक्षण हे कलबागांचे सूत्रच होते. लोगो ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी एक असलेले सेमूर पॅपर्ट हेही त्याच दिशेने विचार करत होते: मूल काहीतरी रचते तेव्हा त्याच्या डोक्यातही रचना होत असते.

पण एक इशाराही त्याच परंपरेतून मिळतो. शाळांमध्ये अशा प्रयोगशाळा उभारणारे पाउलो ब्लिकस्टाइन यांनी ‘कीचेन सिंड्रोम’ असे नाव देऊन एक निरीक्षण मांडले आहे. लेझर कटर हाती आल्यावर मुले आपल्या नावाचे कीचेन कापतात, ते सुंदर दिसते, सगळ्यांना हवेसे वाटते, आणि मग कीचेनच निघत राहतात. श्रम कमी आणि कौतुक जास्त, म्हणून त्यापुढे कोणी जात नाही. अध्यापक महाविद्यालयातही हेच होऊ शकते. इंटरनेटवरून तयार फाइल उतरवायची, छापायची आणि शैक्षणिक साहित्य म्हणून जमा करायची, यात छात्राध्यापक काहीच शिकत नाही. म्हणून पहिला नियम हाच ठेवा: उतरवलेल्या फाइलला गुण नाहीत.

सुरुवात मुलाच्या उत्तरापासून

यंत्राच्या खोलीत जाण्याआधी प्रत्येक छात्राध्यापकाने एका मुलाशी अर्धा-पाऊण तास बोलावे. शिकवायचे नाही, विचारायचे आणि ऐकायचे. पाचवी-सहावीतल्या मुलीला विचारा, ‘१/६ मोठा की १/८?’ ती म्हणेल, ‘१/८, कारण आठ मोठा आहे.’ दुसरा मुलगा १/८ लहान हे बरोबर सांगेल, पण १/३ आणि १/४ यांची बेरीज २/७ करेल. दोघांच्याही उत्तरपत्रिकेवर ‘अपूर्णांक कच्चे’ असाच शेरा पडतो, पण अडचणी अगदी वेगळ्या आहेत. पहिलीला ‘एकाच वस्तूचे जास्त भाग केले की भाग लहान होतो’ हे हाताला जाणवायला हवे. दुसऱ्याला ‘वेगळ्या मापाचे तुकडे सरळ मोजता येत नाहीत, दोन्हींना पुरेल असा तिसरा तुकडा शोधावा लागतो’ हे दिसायला हवे. एकच साधन दोघांना सारखे उपयोगी पडेलच असे नाही.

बोलणे झाले की एक पान लिहून घ्या. मुलाने काय उत्तर दिले ते त्याच्याच शब्दांत. त्यामागे त्याचा कोणता विचार असावा. साधन हातात घेतल्यावर त्याला काय दिसावे, आणि ते दिसले हे आपल्याला कशावरून कळेल. हे पान नसेल तर यंत्राची वेळ देऊ नका. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट विद्यापीठात स्टीव्हन ग्रीनस्टीन आणि त्यांचे सहकारी भावी गणितशिक्षकांकडून थ्रीडी प्रिंटरवर अशी साधने करवून घेत आले आहेत. शिक्षकाला गणित कसे समजले आहे आणि मूल कसे शिकते याविषयी त्याच्या मनात काय आहे, हे त्याने केलेल्या साधनात उघड होते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा. परीक्षेतल्या निबंधवजा उत्तरात ते इतके उघड होत नाही.

अपूर्णांकांच्या पट्ट्या: एक काम बारकाईने

पहिल्या कामाला अपूर्णांकांच्या पट्ट्या घ्या. बाजारात त्या स्वस्तात मिळतात, हे खरे. तरीही त्या करवून घ्या, कारण त्या करताना पडणारे प्रश्न बाजारातून आणता येत नाहीत.

पहिला प्रश्न: पूर्ण पट्टी किती लांब? छात्राध्यापक सहसा १०० मिलिमीटर म्हणतात. मग तिसरा भाग ३३.३३ आणि सहावा १६.६७ येतो. कोणीतरी १२० सुचवते आणि २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ या सगळ्यांनी ती पट्टी पूर्ण मिलिमीटरमध्ये विभागली जाते. सातवा भाग मात्र अजूनही १७.१४२८५७… असाच राहतो. यंत्राला १७.१४३ चालेल, पण गणिताला चालेल का, हा प्रश्न वर्गात जरूर रेंगाळू द्या. लसावि, विभाज्यता, आवर्ती दशांश हे सारे एका पट्टीची लांबी ठरवताना येते, आणि ‘लसावि कशाला शिकायचा’ याचे एक उत्तर छात्राध्यापकाला आयुष्यभरासाठी मिळते.

दुसरा प्रश्न कापल्यावर येतो. लेझरचा किरण रेषेवरून जातो तेव्हा थोडे लाकूड जळून जाते. तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफमध्ये ही फट साधारण ०.२ मिलिमीटर असते. यंत्र, भिंग आणि वेग यांनुसार ती बदलते. ०.२ म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण किरण रेषेच्या मधोमध चालतो, म्हणजे प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना ०.१ गमावतो. पूर्ण पट्टी ११९.८ होते. दहा मिलिमीटरचा प्रत्येक बारावा भाग ९.८ होतो, आणि असे बारा तुकडे जोडले की लांबी भरते ११७.६. म्हणजे बारा बारांश मिळून एक होत नाही! २.२ मिलिमीटरचा फरक सहावीतल्या मुलीच्या नजरेतून सुटणार नाही. ती म्हणेल, ‘सर, हे पुरत नाहीत,’ आणि तिचे म्हणणे खरे असेल. ज्या साधनाने अपूर्णांकाचा पाया पक्का करायचा, तेच साधन खोटे बोलत असेल तर काय करायचे?

उपाय सोपा आहे. प्रत्येक आकाराची कड फटीच्या निम्मी, म्हणजे ०.१ मिलिमीटर, बाहेर सरकवायची. इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते करता येते. पण त्याआधी आपल्या यंत्राची फट मोजायला हवी. शंभर मिलिमीटरच्या पट्टीचे दहा समान तुकडे कापायचे, ते घट्ट जोडायचे आणि व्हर्नियर कॅलिपरने एकूण लांबी मोजायची. ती ९८ आली तर दहा तुकड्यांत दोन मिलिमीटर गेले, म्हणजे फट ०.२. एकच तुकडा का मोजायचा नाही? मोजण्यात झालेली चूक दहांत विभागली जाते म्हणून. सरासरीचा हा उपयोग सांख्यिकीच्या प्रकरणात सहसा येत नाही. तो इथे गरजेपोटी येतो.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुकड्यांवर १/२, १/३ असे कोरायचे की नाही? कोरले तर साहित्य नेटके दिसते. पण मग मूल तुकडे एकावर एक ठेवून पाहत नाही, आकडा वाचून उत्तर देते. आणि आकडे वाचण्यातच तर त्याची अडचण होती. म्हणून पहिला संच कोरा ठेवावा, असे माझे मत आहे. कोणता तुकडा पूर्णाचा कितवा भाग हे मुलानेच शोधून पेन्सिलने लिहावे. रंगांचेही तेच. प्रत्येक अपूर्णांकाला वेगळा रंग दिला की मूल ‘लाल म्हणजे पाव’ एवढेच लक्षात ठेवते. यावर छात्राध्यापकांमध्ये वाद होऊ द्या. कोणी म्हणेल, कमी दृष्टीच्या मुलाला रंगाचा आधार लागतो. तेही बरोबर आहे. निर्णय कारणासह लिहून ठेवायचा, एवढीच अट.

याच जातीचा आणखी एक बारकावा बीजगणिताच्या फरशांमध्ये आहे. विस्तारसूत्रे शिकवताना एकक चौरस, x लांबीची पट्टी आणि x² चा चौरस असे तुकडे वापरतात. एकक १० मिलिमीटर ठेवले आणि x ची पट्टी ५० मिलिमीटर, तर मूल पाच एकके शेजारी ठेवून पाहते आणि x म्हणजे ५ हे त्याला ‘सापडते’. चल राशीची सगळी कल्पना तिथेच बुडते. म्हणून x ची लांबी मुद्दाम ४३ किंवा ४७ मिलिमीटर अशी घ्यावी, की एककांनी ती नेमकी भरता येऊ नये. हा निर्णय ज्याने स्वतः घेतला आहे, तो शिक्षक चल म्हणजे काय हे वर्गात वेगळ्या जाणिवेने सांगेल.

थ्रीडी प्रिंटर आणि आठ पट न होणारा घन

थ्रीडी प्रिंटर लेझर कटरपेक्षा हळू चालतो. प्लॅस्टिकची १.७५ मिलिमीटर जाडीची तार वितळवून ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून थरावर थर चढवत तो वस्तू उभी करतो. एक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा, म्हणून ४० मिलिमीटर उंचीच्या घनाला २०० थर लागतात. तीस छात्राध्यापकांचा वर्ग आणि एकच प्रिंटर असेल तर सगळ्यांनी सगळे छापणे शक्य नाही. चार-पाच जणांचा गट करा, आणि ज्या आकाराला खरोखर तिसरी मिती लागते तोच प्रिंटरवर घ्या.

दहावीला घनफळाचे प्रकरण शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पुढचा प्रयोग करावा. २० मिलिमीटर बाजूचा एक घन आणि ४० मिलिमीटरचा दुसरा, दोन्ही एकाच तारेत, एकाच मांडणीने छापायचे. बाजू दुप्पट, म्हणून पृष्ठफळ चौपट आणि घनफळ आठ पट, हे सगळ्यांना पाठ असते. आता एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. वजन आठ पट भरत नाही. सहा पटीच्याही किंचित खाली येते.

‘सूत्र चुकले का?’ असे कोणीतरी विचारेलच, आणि धडा तिथूनच सुरू होतो. प्रिंटर वस्तू भरीव छापत नाही. बाहेर एक घट्ट कवच असते आणि आत विरळ जाळी. समजा कवच सगळीकडून ०.८ मिलिमीटर जाड आहे आणि आतली जाळी पंधरा टक्के भरलेली आहे. लहान घनाचे घनफळ ८ घन सेंटिमीटर, आतल्या पोकळीची बाजू १८.४ मिलिमीटर, म्हणजे पोकळी सुमारे ६.२३ घन सेंटिमीटर. कवचात १.७७ आणि जाळीत ०.९३ मिळून साधारण २.७ घन सेंटिमीटर प्लॅस्टिक लागते. पीएलए या प्लॅस्टिकची घनता १.२४, म्हणून वजन सुमारे ३.३५ ग्रॅम. मोठ्या घनात कवच ७.३८ आणि जाळी ८.४९, मिळून १५.८७ घन सेंटिमीटर, वजन सुमारे १९.७ ग्रॅम. गुणोत्तर येते ५.९ च्या आसपास.

कवच चौपटीहून थोडे जास्त वाढले, कारण ते पृष्ठफळाच्या मागे जाते. आतली जाळी नऊ पटीहून जास्त वाढली, कारण कवचाची जाडी तेवढीच राहिली आणि पोकळीची बाजू दुपटीहून जास्त झाली. दोन्ही मिळून सहाच्या आतबाहेर. आता विचारा: ४० वरून ८० वर गेलो तर? हिशेब ६.४५ च्या जवळ येतो. आणखी मोठे केले तर? गुणोत्तर आठकडे सरकत जाते. आठ कधी गाठते? हा प्रश्न सीमेच्या कल्पनेपाशी नेतो, आणि तो फळ्यावर कोणीही लिहून दिलेला नसतो. १६३८ च्या ग्रंथात गॅलिलिओने आकार आणि बळ यांच्याविषयी जो विचार मांडला, त्याच्या शेजारीच आपण येऊन पोहोचलेलो असतो.

छापण्याआधी आकाराचे थर पाडणारे स्लायसर सॉफ्टवेअर प्लॅस्टिक किती ग्रॅम लागेल ते दाखवते. तो आकडा आधी झाकून ठेवा. छात्राध्यापकांनी स्वतः हिशेब करावा, मग स्लायसरचा आकडा बघावा आणि शेवटी काट्यावर वजन करावे. तीन आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. का जुळले नाहीत यावर एक तास गेला तरी तो सत्कारणी लागला.

एक तृतीयांश कुठून आला

शंकूचे घनफळ वृत्तचितीच्या एक तृतीयांश असते हे दाखवायला आपण शंकूने तीनदा पाणी ओततो. प्रयोग चांगला आहे, पण ‘तीनच का’ याचे उत्तर पाण्यात नाही. ते एका घनात आहे. घनाचा एक कोपरा निवडा आणि त्याला न लागणाऱ्या तीन पृष्ठांकडे बघा. त्या प्रत्येक पृष्ठाला पाया धरून निवडलेल्या कोपऱ्यात शिरोबिंदू असलेली सूची केली की तीन एकरूप सूची होतात, आणि त्या तिन्ही मिळून घन पूर्ण भरतो. चौरस पायाच्या अशा सूचीचे घनफळ घनाच्या एक तृतीयांश असायलाच हवे. पाया वर्तुळाचा केला तरी प्रत्येक उंचीवरचा काप पायाच्या त्याच प्रमाणात राहतो, म्हणून शंकूलाही तोच एक तृतीयांश लागू पडतो.

ओपनस्कॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकार माऊसने ओढायचा नसतो, लिहायचा असतो. या सूचीला पाच बिंदू पुरतात: (०,०,०), (a,०,०), (a,a,०), (०,a,०) आणि (०,०,a). मग कोणत्या पृष्ठात कोणते बिंदू येतात ते सांगायचे, आणि बिंदूंचा क्रम बाहेरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ठेवायचा. क्रम उलटा झाला तर सॉफ्टवेअरला आत कुठले आणि बाहेर कुठले ते समजत नाही. दहावीच्या निर्देशक भूमितीत z नसतो. छात्राध्यापकांनी बी.एस्सी.ला तो वापरलेला असला तरी आपण लिहिलेला z प्लॅस्टिकमध्ये उभा राहिलेला बहुतेकांनी पाहिलेला नसतो. a ची किंमत एकाच ठिकाणी बदलली की सगळा आकार बदलतो. समरूपता म्हणजे काय, हे या एका ओळीत दिसते.

एकाच फाइलच्या तीन प्रती छापायच्या. चौरस बाजू खाली ठेवली तर खालून आधाराचे प्लॅस्टिकही लागत नाही. प्रिंटर नसेल तर हेच काम कार्डशीटवर होते: एक चौरस, a, a, a√२ बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण आणि a, a√२, a√३ बाजूंचे दोन. बाजू ६० मिलिमीटर असेल तर कर्ण अनुक्रमे ८४.८५ आणि १०३.९२. ही घडण आधी प्रत्येकाने कंपास-पट्टीने काढावी आणि मगच यंत्राकडे जावे. हाताने काढताना √३ कुठून येतो ते कळते.

इथेच एक मर्यादाही सांगून टाकतो. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून घन आणि चतुष्फलक उभे करायला अरविंद गुप्तांनी कितीतरी शिक्षकांना शिकवले. जे काम काड्यांनी होते ते प्रिंटरवर करू नका. घनाला कडा किती, त्रिकोणी सांगाडा ताठ का राहतो आणि चौकोनी का वाकतो, हे काड्यांनीच उत्तम कळते. यंत्र तिथे वापरा जिथे नेमके माप हाच मुद्दा आहे, किंवा एकसारखे वीस संच लागणार आहेत, किंवा आकार हाताने कापण्यासारखा नाही.

बोटांनी वाचायचा आलेख

ज्या एका कामासाठी मी महाविद्यालयांना प्रिंटर घ्याच असा आग्रह करेन, ते म्हणजे दृष्टिहीन मुलांसाठीचे गणिताचे साहित्य. समावेशक शिक्षणाचा विषय प्रत्येक छात्राध्यापक शिकतो, पण आलेखाचे प्रकरण आले की दृष्टिहीन मूल वर्गात नुसते बसून राहते. १५० मिलिमीटरच्या चौरस पाटीवर उंचावलेले अक्ष, दर दहा मिलिमीटरवर बारीक खूण, आणि अक्षांपेक्षा जाड व उंच अशी समीकरणाची रेषा, एवढे छापता आले तरी ते मूल दोन रेषांचा छेदनबिंदू स्वतः शोधू शकते.

इथे निर्णय अवघड होतात. जाळीच्या सगळ्या रेषा उंचावल्या तर बोटाला काहीच वेगळे लागत नाही. ब्रेलमध्ये एका अक्षरातल्या ठिपक्यांचे अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवावे लागते, म्हणून आकड्यांना कागदावरच्यापेक्षा खूप जास्त जागा लागते आणि किती आकडे गाळायचे ते ठरवावे लागते. पाटी पूर्ण झाली की छात्राध्यापकाने डोळे मिटून तपासायची, पण तेवढ्यावर थांबायचे नाही. जवळच्या अंध शाळेतल्या किंवा समावेशक वर्गातल्या मुलाच्या हाती ती द्यायची आणि तो सांगेल तसे बदलायचे. डोळस माणसाचे मिटलेले डोळे आणि ब्रेल वाचणारी बोटे यांत फार अंतर असते.

यंत्र कुठून आणायचे आणि काय जपायचे

महाविद्यालयात यंत्र नाही म्हणून काम अडत नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून देशभरात दहा हजारांहून अधिक शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाल्या आहेत. प्रत्येकीला वीस लाखांपर्यंत अनुदान आहे आणि तिथे थ्रीडी प्रिंटर असतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. ती खोली विज्ञानाची, हा समज सोडून गणिताच्या प्राध्यापकांनी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे. आंतरवासितेची शाळा निवडतानाच लॅब असलेली एखादी शाळा यादीत घ्यावी. जिल्ह्याच्या गावी स्मृतिचिन्हे, नावाच्या पाट्या, लग्नपत्रिका करणाऱ्यांकडे लेझर कटर असतो आणि ते सहसा मिनिटावर पैसे घेतात. फाइल व्यवस्थित नेली तर अपूर्णांकांचा संच थोड्या वेळात कापून होतो.

सॉफ्टवेअरवर खर्च करू नका. जिओजेब्रात आकृती काढा, इंकस्केपमध्ये ती कापण्याजोगी करा, तिसऱ्या मितीसाठी टिंकरकॅड किंवा ओपनस्कॅड वापरा. देवनागरी अक्षरे थेट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये लिहिली तर जोडाक्षरे फुटण्याची शक्यता असते, म्हणून शब्द आधी इंकस्केपमध्ये लिहून त्याचे रेषाकृतीत रूपांतर करा आणि मग पुढे न्या. छापायच्या अक्षराची कोणतीही रेघ एक मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. एकात एक बसणारे भाग छापायचे असतील तर मध्ये ०.२ ते ०.३ मिलिमीटर मोकळीक ठेवा, नाहीतर ते बसणारच नाहीत.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको. लेझरमध्ये पीव्हीसी, फ्लेक्स, रेक्झिन कधीही घालायचे नाही. ते जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, तो फुफ्फुसांनाही घातक आणि यंत्रालाही. कशाचे बनले आहे ते माहीत नसलेले प्लॅस्टिकही नको. लेझर चालू असताना खोली सोडायची नाही आणि धूर बाहेर टाकणारा पंखा बंद ठेवून काम करायचे नाही. प्रिंटरचे तोंड २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, हे मुलांना आधी सांगा. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तोंडात जाईल एवढा लहान तुकडा करू नका.

दुसरी आवृत्ती

पहिली आवृत्ती कापून झाली की काम संपले असे वाटते. खरे तर आता ती त्या मुलाकडे न्यायची, ज्याच्या उत्तरापासून सुरुवात झाली होती. छात्राध्यापकाने शक्यतो गप्प राहावे. मूल तुकडे कसे उचलते, काय जोडून बघते, कुठे थांबते, कोणत्या क्षणी साधन सोडून शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघते, ते टिपावे. पट्ट्या मुलाने मनोऱ्यासारख्या रचल्या आणि लांबीची तुलना केलीच नाही, तर दोष मुलाचा नाही. तुकडे एका ओळीत ठेवायला खाच असलेली पाटी द्यायची राहिली. मग ती पाटी दुसऱ्या आवृत्तीत येते.

गुण देताना या दुसऱ्या आवृत्तीला सर्वाधिक वजन द्या, असे मी आग्रहाने सांगेन. मुलाशी झालेल्या बोलण्याचे पान, पहिल्या आवृत्तीची फाइल, चाचणीच्या नोंदी, दुसऱ्या आवृत्तीत काय बदलले आणि का, एवढे जमा करून घ्या. फसलेले तुकडेही जमा करायला सांगा. तोंडी परीक्षेत वस्तू हातात घेऊन विचारा: ही लांबी का घेतलीत? हा आकडा का कोरला नाहीत? मुलाच्या कोणत्या समजुतीला हे साधन धक्का देते? कोणती नवी चुकीची समजूत यातून तयार होऊ शकते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे आहे, तो छात्राध्यापक तयार झाला असे समजा. चकाकी, रंग, सजावट यांना गुण ठेवू नका, म्हणजे त्यावर कोणी वेळ घालवणार नाही.

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये हे बसवायला वेगळा विषय लागत नाही. पहिल्या वर्षी शैक्षणिक साहित्याच्या प्रात्यक्षिकाच्या जागी पट्ट्यांचे काम घ्या. ते सगळ्यांनी करायचे. दुसऱ्या वर्षी आंतरवासितेच्या काळात प्रत्येक गटाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर एक साधन करायचे. पाठ टाचणात त्या साधनाचा उल्लेख नुसता ‘साहित्य’ या रकान्यात न करता मुलाने त्याच्याशी काय करायचे आहे ते लिहायचे.

आंतरवासिता संपताना साधनाचा एक संच त्या शाळेत ठेवून यायचा आणि सोबत फाइलही द्यायची. फाइलच्या नावात इयत्ता, घटक आणि आवृत्तीचा क्रमांक असावा, आणि बरोबरच्या कागदावर साहित्य कोणते, जाडी किती, फट किती धरली आणि कोणत्या मुलांबरोबर ते चालले नाही, हे लिहिलेले असावे. महाविद्यालयाने अशा सगळ्या फाइली एका ठिकाणी साठवाव्यात. पुढच्या वर्षीच्या छात्राध्यापकांना कोऱ्या पानापासून सुरुवात करायला लावू नका. त्यांना आधीची एखादी दुसरी आवृत्ती द्या आणि वर्गात जाऊन तिच्यातली उणीव शोधून आणायला सांगा.